कापणीनंतरचं कुंपण

मी जन्मजात भित्रा. आता पिकल्या वयात हे कबूल करायला काही वाटत नाही. तेव्हा मात्र ते लपवण्यातच माझी निम्मी ताकद खर्ची पडायची. मी खाडीला भ्यायचो, भगताला भ्यायचो, साहेब लोकांच्या बुटांच्या आवाजाला भ्यायचो, आणि लोक आपल्याला काय म्हणतील याला तर सगळ्यांत जास्त. पण ज्या भीतीबद्दल आज लिहायला बसलोय, ती होती वीतभर उंचीच्या हिरव्यागार फुटव्यांची. हसू येईल कुणाला. मला अजून येत नाही.

आमचं गाव काशी-मिऱ्याच्या डोंगराला टेकून वसलेलं. वर उतरणीची जमीन, खाली भाताची खाचरं, त्याच्याही खाली मिठागरं आणि मग खाडी. माझा बाप मिठागरात कामाला. मीठ ओढून ओढून त्याच्या टाचांना पडलेल्या भेगा कधी बुजल्या नाहीत. आपल्याही नशिबी तेच येणार, या धास्तीनं मी व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत नेटानं शिकलो. पुढे लढाई सुरू झाली, रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला, रेशनवर तांदूळ कमी आणि जोंधळा जास्त मिळायला लागला. शेतकी खात्याला गावोगाव फिरणारी माणसं हवी होती. त्यांनी मला हंगामी कामगार म्हणून घेतलं, तीन महिने देशावरच्या सरकारी शेतावर शिकायला धाडलं आणि परत माझ्याच गावात आणून सोडलं.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भात खाणारी माणसं. जोंधळ्याचं काय करायचं ते आमच्या बायकांना ठाऊक नव्हतं. त्या तांदळाच्या पिठासारखीच त्याची उकड काढायच्या, भाकरी तव्यावर टाकताना मोडायची, आणि मग सगळा राग रेशनवाल्यावर निघायचा. पण पोटं रिकामी राहू लागली तशी नाकं मुरडणं कमी झालं. त्यातच खात्याचा हुकूम आला की पडीक आणि उतरणीच्या जमिनीवर जोंधळा करून बघा.

उतरणीची जमीन म्हणजे आमची वरकस. तिथे पाणी ठरत नाही, म्हणून भात होत नाही. लोक नाचणी नाहीतर वरी टाकायचे आणि मिळेल ते घ्यायचे. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोकणात एवढा धो धो पाऊस, इथे कोरडवाहू शेती कुठली? त्यानं दसऱ्यानंतर त्या उतरणीवर येऊन उभं राहावं. पाऊस जातो तसा ओलावाही जातो, आणि महिन्याभरात पायाखाली नुसती खडी वाजायला लागते.

तसली जमीन काकाकडे होती. काका म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ. बोलायला कमी, कामाला वाघ. त्याचा सगळा जीव त्याच्या बैलजोडीत. एक तांबडा, एक पांढरा. दोन्ही वासरं त्यानं घरीच वाढवलेली, स्वतःच्या हातानं शिकवलेली. ती जोडी दावणीला होती म्हणून काकाचं शेत वेळेवर लागायचं. ज्यांच्याकडे जोडी नव्हती त्यांना दुसऱ्याच्या नांगराची वाट बघत बसावं लागे आणि त्यांचं भात कायम उशिरा पडे. एक बैल गेला तर दुसराही निकामी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळत होतं.

मी काकाला म्हटलं, "काका, तुझं वरचं शेत दे. सरकार बी देतंय."

तो म्हणाला, "तुला पायजे ना? मंग घे. मी नांगुर धरतो."

एवढंच. एक प्रश्न नाही विचारला त्यानं.

श्रावण सरता सरता शेतकी खात्याचे साहेब आले. देशावरचे होते, दुष्काळी मुलखात अर्धं आयुष्य घालवलेले, उन्हानं रापलेले. त्यांनी बारा वाणांचं बी आणलं होतं, बारा छोट्या पुरचुंड्यांत. प्रत्येक वाणाची एकेक ओळ पेरायची, ओळीच्या तोंडाशी खुंटी ठोकून नंबराचा पत्रा लावायचा, चारी बाजूंनी आधाराला काठच्या ओळी टाकायच्या, आणि पाऊस गेल्यावर त्या उतरणीवर कोण तग धरतं ते बघायचं. जे टिकेल त्याची चांगली कणसं निवडून त्यांना पिशव्या बांधायच्या, म्हणजे दुसऱ्या वाणाचा पराग त्यांच्यावर पडणार नाही. पुढच्या वर्षी तेच बी पेरायचं, पुन्हा निवडायचं. साहेब म्हणाले, "बी सुधारायचं म्हणजे दुसरं काय हो? त्यातल्या त्यात चांगलं असेल ते राखायचं आणि बाकीच्याचं मन घट्ट करून पीठ करायचं."

काका तेव्हा शेताच्या पार खालच्या टोकाला बैल वळवत होता. साहेब एका धोंड्यावर टेकले आणि म्हणाले, "एक गोष्ट आहे. आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असते, पण तुमच्याकडे कुणाला माहीत नसणार. कोवळा जोंधळा विषारी असतो. कणसं भरली की विष जातं, वाळलेला कडबा बिनघोर घालावा. पण कापणीनंतर बुडख्याला फुटवे येतात, ते पाण्यावाचून खुरटले की फार वाईट. जनावरानं पोटभर खाल्ले की घटकाभरात उभं जनावर आडवं होतं. किराळ लागली म्हणतात आमच्याकडे. लगेच गूळ-पाणी पाजलं तर एखादं वाचतं. हे सगळ्या गावाला सांगून ठेवा. पेरण्याआधी सांगा."

मी मान डोलावली. आणि सांगितलं नाही.

नीट आठवून बघतो, त्या क्षणी माझ्या मनात कपट नव्हतं. भीती होती. गावाला म्हणायचं काय, की सरकारनं धाडलेलं हे बी विषारी आहे, पण पेरा? आधीच लोक सरकारी म्हटलं की दोन पावलं मागे सरायचे. कुणीही हसून मला हाकलून दिलं असतं, खात्यानं म्हटलं असतं की हा पोरगा कामाचा नाही, आणि मी बापाच्या शेजारी मिठागरात उभा राहिलो असतो. मी स्वतःशी ठरवलं, आधी पीक येऊ दे. कापणी कुठे, फुटवे कुठे! सवडीनं सांगू.

पेरलं. उगवलं. पहिल्या दिवसांत, कोवळं होतं तेव्हा, मी रोज पहाटेला वर जायचो. पण सगळ्यांची ढोरं तेव्हा दावणीला किंवा गुराख्याच्या ताब्यात, शेतात शिरायची बिशाद नव्हती. तो धोका टळला. कणसं बाहेर पडायला लागली तशी काकीनं मला मांजरपाटाच्या पिशव्या शिवून दिल्या आणि मी निवडलेल्या कणसांना बांधल्या. झालं. खालून बघणाऱ्याला डोंगरावर पांढरी फडकी बांधलेली मुंडकी हलताना दिसायला लागली. पाण्याला जाणाऱ्या बायका वाट बदलून जाऊ लागल्या. कुणी म्हणालं, लढाईतलं काहीतरी औषध मारलंय त्यावर. कुणी म्हणालं, सरकारला गावाची माणसं कमी करायचीत. एका म्हाताऱ्यानं मला रस्त्यात धरून विचारलं, "बाला, खरा सांग, विख तं न्हाय ना त्यात?"

मी म्हणालो, "छे, काहीतरीच काय!"

आता झालं ना खोटं. तोवर मी नुसता गप्प होतो, त्या दिवशी मी तोंडानं बोललो.

पीक मात्र आलं. बारांतले सात वाण पार वाळून गेले, तिघांनी जेमतेम बोटभर कणसं दिली, आणि दोन असे उभे राहिले की साहेबांनी शिकवलेलं सगळं खरं वाटलं. त्या खडीवर, दवाशिवाय पाण्याचा थेंब नसताना, मुठीएवढी कणसं. काकाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा फुशारकी पाहिली. पिशवीतलं बी मी वेगळं ठेवलं, बाकीचं काकीनं दळलं, आणि तोवर तिला भाकरी थापताही यायला लागली होती. शेजारणी येऊन तुकडा मोडून खाऊन गेल्या. कडबा काकानं बैलांना घातला. दोघांनी असा चवीनं खाल्ला की काका म्हणाला, "भाताच्या पेंढ्याला आता तोंड पन लावायचे न्हायत हे."

चार जणांनी पुढच्या वर्षासाठी बी मागितलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण प्रत्येक जण बी मागायचा आणि खरं सांगणं आणखी अवघड व्हायचं. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं.

पौषात एक दिवस अवकाळी सर आली. तासभर पडली आणि गेली. चौथ्या दिवशी मी वर गेलो तर कापलेल्या बुडख्यांतून हिरवे कोंब वर आलेले. सगळा डोंगर पिवळा, खालची खाचरं पिवळी, आणि मधोमध काकाचं ते शेत तेवढं हिरवंगार. मी खाली बसलो आणि एक कोंब उपटून हातात धरला. बघायला किती नाजूक होता तो.

सगळे कापून टाकावेत म्हणून मी विळा आणायला घरी आलो, तर साहेबांचं पत्र आलेलं. अवकाळी सरीची खबर मी त्याच दिवशी टपालानं कळवली होती, आणि आता फुटवे येणार हे त्यांनी ओळखलं होतं. साहेबांनी लिहिलं होतं, पाण्याशिवाय कोणतं वाण पुन्हा फुटून तग धरतं हे समजलं तर फार मोलाचं आहे. मी स्वतः येऊन मोजेपर्यंत एकही फुटवा काढू नका. त्याखाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं: ढोरांपासून जपा.

आणि नेमकी त्याच आठवड्यात गावानं ढोरं सोडली.

आमच्याकडची ही रीत कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भाताची मळणी उरकली की ढोरं मोकळी सुटतात. मग कुणाचं शेत कुणाचं राहत नाही. जिथे जे उगवेल ते ज्याच्या तोंडी लागेल त्याचं. भाताच्या बुडख्यांनाही असेच फुटवे येतात आणि ते खाऊन ढोरांची अंगं भरतात, हे आम्ही आज्या-पणज्यांपासून बघत आलेलो. म्हणून कापणीनंतर शेताला कुंपण ठेवणं म्हणजे साऱ्या गावाला हात धरून बाहेर काढण्यासारखं. तसं कुणी केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी केलं. दोन दिवस राबून करवंदीची आणि बोरीची काटेरी झुडपं तोडून आणली आणि शेताभोवती कमरेएवढं कुंपण घातलं. काटे तळहातात मोडले. काकानं एकदा वर येऊन बघितलं, कुंपणावरून हात फिरवला, माझ्याकडे बघून नुसता हसला आणि खाली गेला. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. मी इतका भेदरलेला होतो की अर्थ लावायला डोकं जागेवर नव्हतं.

गावाला मात्र अर्थ लागला. "शिकून आला नि हिरव्याचा मालक झाला," असं एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलला. दुसऱ्यानं तोंडावर विचारलं, "कुंपन कनाला घातलंस रं? आमची ढोरां काय तुजं सोनं खातील?" मी म्हणालो, साहेबांना मोजायचंय. तो म्हणाला, "सायेब काय गवत मोजतो?" आणि सगळे हसले. अजूनही सांगता आलं असतं. सगळे समोर उभे होते, हसत होते. मी पाठ वळवली आणि डोंगराची वाट धरली.

मग सुरू झाली माझी राखण. उजाडलं की वर जायचो, ढोरं घराकडे वळली की उतरायचो. डोंगरात वाघरू फिरायचं, म्हणून सांज झाली की प्रत्येक जण आपली ढोरं गोठ्यात बांधायचा. रात्रीची काळजी नव्हती. दिवसाची मात्र अशी होती की डोळा मिटायची सोय नाही. ढोरांच्या गळ्यातली लाकडी लोढणी वाजली की मी काठी घेऊन उठायचो. एके दुपारी मला डुलकी लागली आणि जाग आली ती काटे मोडल्याच्या आवाजानं. एक म्हैस छातीनं कुंपण रेटून आत तोंड घालत होती. मी ओरडत धावलो, काठीनं तिच्या तोंडावर मारलं. तिची मालकीण लांबून बघत होती. ती तरातरा आली आणि तिनं मला जी शिव्यांची लाखोली वाहिली ती सगळी मी खाली मान घालून घेतली. तिची म्हैस मी वाचवली होती. ती मला ढोरमाऱ्या म्हणत होती. शब्द खरा ठरायला फार दिवस उरले नव्हते.

दहा-बारा दिवस गेले. फुटवे वीतभर होऊन थांबले. पाणी नव्हतं, पानांच्या कडा वळायला लागल्या. साहेब म्हणाले होते तसेच ते खुरटले. मी जेवायला बसलो की भाकरी तशीच ठेवून उठायचो. काकी म्हणायची, पोरगा झुरतोय, लगीन करून टाका.

मग साहेबांचं दुसरं पत्र आलं. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं भाईंदरला उतरतो, घ्यायला या. मला इतकं हलकं वाटलं की मी पत्र दोनदा छातीशी धरलं. साहेब येतील, मोजतील, आणि तिथल्या तिथे मी विळा घेऊन सगळं सपाट करीन. कुणाला काही सांगायला नको. माझं खोटं कुणाला कळायलाच नको.

पण स्टेशनावर जायचं तर शेत कोण राखणार? मी काकाला विचारलं. तो बैलांना पाणी दाखवत होता.

"जा तू," तो म्हणाला. "मी बसतो वर. कोनाचा ढोर आत याचा न्हाय."

"काका, एकसुद्धा आत येता कामा नये हां. एकसुद्धा."

"बोललो ना. मना समाजलाय सगला."

काय समजलं होतं त्याला? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी मी खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून चालत भाईंदरला गेलो. गाडी आली, माणसं उतरली, साहेब नव्हते. पुढच्या गाडीची वाट बघितली. तिच्यातही नव्हते; त्यांची गाडी चुकली होती, हे मला मागाहून कळलं. मी तसाच माघारी फिरलो आणि घाईघाईनं, निम्मी वाट पळतच, थेट डोंगरावर गेलो. ऊन डोक्यावर आलेलं. लांबून बघितलं तर कुंपण जागच्या जागी, आत एकही ढोर नाही. हुश्श झालं. देवाला हात जोडले.

जवळ गेलो तेव्हा काका दिसला नाही. आणि मग दिसल्या त्या काठच्या ओळी. नंबराच्या खुंट्यांच्या आतलं सगळं जसंच्या तसं होतं. एका पत्र्यालासुद्धा धक्का लागला नव्हता. पण वाणांच्या कडेनं आधाराला म्हणून आम्ही चारी बाजूंनी ज्या काठच्या ओळी पेरल्या होत्या, ज्या मोजायच्या नव्हत्या, त्यांतले फुटवे नव्हते. बुडख्याशी सपासप, एका उंचीवर कापलेले. ढोर असं कापत नाही. ते विळ्यानं कापलेलं होतं, आणि विळा धरणारा हात सरावाचा होता.

तेव्हा मला त्याचं ते हसू कळलं. कापणीनंतर आमच्याकडचा माणूस कुंपण घालतो तर कशासाठी घालील? हिरवा चारा आपल्या ढोरांसाठी राखायला. दुसरं कारण आमच्या मुलखात कुणाला सुचणारच नाही. काकाला वाटलं होतं, पुतण्या साऱ्या गावाच्या शिव्या खातोय, काट्यांनी हात फोडून घेतोय, ते त्याच्या बैलांसाठी. ज्या काकानं शेत दिलं त्याची परतफेड करतोय. साहेबांचं मोजायचं आहे ते सोडून, बाकीचं आपलं.

मी तो डोंगर कसा उतरलो ते मला आठवत नाही. पाय फुटले होते ते नंतर दिसलं.

अंगणात माणसं जमली होती. तांबडा बैल आडवा पडलेला. पाय ताणलेले, पोट जोरजोरात हलतंय, तोंडाला फेस, नाकपुड्या फाटतील एवढ्या फुगलेल्या. काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. एक जण बैलाचा पुढचा पाय उचलून खुराच्या फटीत बघत होता. "पान लागलाय," तो म्हणाला. पान लागलं म्हणजे सापानं धरलं. दुसरा भगताला बोलवायला धावला. काकी तुळशीपाशी उभी राहून मोठ्यानं रडत होती.

मला माहीत होतं काय झालंय ते. काय करायचं तेही माहीत होतं. गूळ-पाणी. पण 'गूळ आणा' म्हटलं की लोक विचारणार, तुला काय ठाऊक? मी तिथे उभा राहिलो. किती वेळ ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण मलाच ते नक्की ठरवता आलेलं नाही. पाय बघणाऱ्यानं चारही पाय बघून होईपर्यंत मी उभा होतो. एवढा वेळ. तो सावकाश बघत होता.

तांबड्यानं एकदा मान उचलली, काकाच्या मांडीवर परत टाकली, आणि पोट हलायचं थांबलं.

पांढरा दावणीला बांधलेला होता. त्याच्यापुढे थोडे फुटवे पडले होते, त्यानं निम्मे खाल्ले असावेत. काकानं मोठा भारा तांबड्याला आधी टाकला होता, तो खादाड म्हणून. आता पांढरा थरथरत होता. काकी रडत रडत त्याच्याकडे गेली, उरलेला भारा उचलून त्याच्या तोंडाशी नेला आणि म्हणाली, "तू तरी खा रं बाबा, तू तरी घाबरू नको."

मी ओरडलो. काय ओरडलो ते शब्द आठवत नाहीत. मी तिच्या हातातून भारा हिसकावला, ती पडली. मी भारा अंगणाबाहेर फेकला आणि म्हणालो, "गूळ आणा, गूळ-पाणी आणा, जेवढा असेल तेवढा." रेशनच्या दिवसांत घरात गूळ तो केवढा असणार? काकीनं डबा आणला, मी तसाच पाण्यात कुस्करला आणि बांबूच्या नळीनं पांढऱ्याच्या घशात ओतला. पुन्हा ओतला. लोक बघत होते. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काय रं, काय झालाय काय?"

काका माझ्याकडे बघत होता. मग त्यानं बाहेर पडलेल्या भाऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. त्याला कळलं. आणि तो लोकांना म्हणाला, "पान लागलाय बैलाला. जा आता घरी."

लोक गेले. पांढरा तासाभरानं थरथरायचा थांबला आणि पाण्याला तोंड लावलं. तो जगला.

काकानं तांबड्याचं डोकं मांडीवरून अलगद खाली ठेवलं. मला म्हणाला, "तुला ठावं व्हता."

मी मान डोलावली.

"कवापासून?"

"पेरायच्या आधीपासून."

तो उठून माझ्यासमोर आला. मला वाटलं मारील. मी मार खायला तयार होतो, खरं तर त्याची वाट बघत होतो. तो म्हणाला, "मी पान लागला सांगलाय. वर अजून हिरवा उभा हाय. लोकांची पन ढोरां हायत. जा, घरोघर जा नि खरा काय तो सांग."

मी गेलो. तेवढी भीती मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही. पहिलंच दार त्या म्हशीवालीचं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "मंग तुज्या काकाला कनाला न्हाय सांगलंस?" पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तेच. मी पुढच्या दाराकडे वळत राहिलो. सगळी घरं संपल्यावर वर जाऊन मी उरलेले फुटवे मुळासकट उपटले, नंबरांसकट, आणि खड्डा करून पुरले. साहेबांना काय कळवायचं ते मी तेव्हा ठरवलंही नव्हतं.

परत आलो तेव्हा काका अंगणातच होता. त्यानं तांबड्याच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा सोडून हातात घेतला होता आणि त्याचं बक्कल उगाच लावत होता, काढत होता.

मी म्हणालो, "काका, आधी सांगितलं असतं तर तू पेरलं नसतंस. त्याला भ्यालो मी."

त्यानं मान वर केली. रागावला असता तर बरं वाटलं असतं मला. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

"पेरला असता रं," तो म्हणाला. "तू आनलास म्हनून पेरला व्हता. मना काय ठावं जोंधला नि बिंधला. पेरला असताच. बैलाला तेवढा घातला नसता."